मिनॉक्सिडिलच्या जोडीला आणखी काही लावताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच आठवड्यात होते. केसगळतीवर डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल, केस गळवणारं हार्मोन कमी करणाऱ्या फिनास्टराइडचं लोशन, ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासून बनलेलं त्वचेचं औषध) आणि डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) असं सगळं एकदम सुरू होतं. मग डोकं खाजायला लागलं की दोष कोणाचा हे कळत नाही आणि सगळंच बंद पडतं. आधी नुसतं मिनॉक्सिडिल लावा. सहा-आठ आठवडे ते सोसलं, तर पुढचं.

पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं लोशन, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. ते केसांना नव्हे, भांग पाडून त्वचेला लागायला हवं. २ मिली ओतल्याने दुप्पट केस येत नाहीत, कपाळावर ओघळ तेवढे येतात. लावल्यावर निदान चार तास डोकं धुवायचं नाही.

नवी मुंबईत ऐरोली-महापे दुचाकीने जाणाऱ्यांची गडबड वेगळीच. लोशन ओलं असतानाच हेल्मेट चढतं आणि औषध अस्तराला लागतं. उठल्या उठल्या लावा, वाळायला अर्धा तास द्या. जुलैच्या दमट हवेत त्याहून जास्त. संध्याकाळी घामट डोक्यावर लावू नका. झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि तिथे लव वाढू शकते.

खोबरेलाच्या थरावर मिनॉक्सिडिल लावणं म्हणजे औषध वाया. आजीचा रविवार मोडवत नसेल तर तेल शाम्पूच्या तासभर आधी. केटोकोनाझोल (बुरशीवरचं, कोंड्यासाठीचं औषध) २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवा. डोकं पूर्ण कोरडं झालं की मगच लोशन.

पांढरी भुकटी दिसली की लोक कोंडा समजून शाम्पू वाढवतात. बऱ्याचदा ते वाळलेल्या मिनॉक्सिडिलचे कण असतात. खाज आणि लाली मात्र वेगळी गोष्ट: पुष्कळदा ती लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे येते. ते नसलेला फोम डॉक्टरांना विचारून वापरून पाहा.

डर्मारोलरबाबत घाई महागात पडते. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातल्या २०१३ च्या अभ्यासात १.५ मिमीच्या सुया आठवड्यातून एकदा वापरल्या होत्या आणि त्यानंतर २४ तास मिनॉक्सिडिल बंद होतं. लोक नेमके हेच २४ तास विसरतात. ताज्या छिद्रांतून औषध रक्तात जास्त जातं. ट्रेटिनॉइनही शोषण वाढवतं, म्हणून ते रोलरच्या रात्री नको आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तर नकोच. धडधड, चक्कर, पायाला सूज आली तर लोशन थांबवून डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं तर थेट रुग्णालय.

बाटलीवरचं नाव नीट वाचा. बाजारात ५ टक्के मिनॉक्सिडिलमध्येच ०.१ टक्का फिनास्टराइड घातलेली लोशनं मिळतात. त्यावर वेगळं फिनास्टराइड म्हणजे दुहेरी मात्रा. गरोदर बाईचा फिनास्टराइडला हात लागू देऊ नका. प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी करायची असेल तर फिनास्टराइड लावताय हे आधी सांगा, कारण त्याने आकडा कमी येऊ शकतो.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस जास्त गळतात. जुने केस नव्यांना वाट करून देतात. इथेच घाबरून बाटली फेकली जाते. खरा अंदाज चार महिन्यांनी, तोही आरशावरून नाही: दर महिन्याला त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचा, वरून फोटो काढा.