घशाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर पेशीमृत्यू मोजताय? या चुका टाळा

थीसिसचे दिवस आले की नाशिकमधल्या आमच्या लॅबमध्ये पीजीची मुलं ब्लॉक (मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे) घेऊन येतात. स्वरयंत्राचा कॅन्सर, कॅस्पेज-३ (पेशीला मारणारं एन्झाइम), बीसीएल-२ (पेशीला मरण्यापासून वाचवणारं प्रथिन) आणि रुग्ण किती जगला, हे ठरलेलं. चुकाही ठरलेल्या.

सर्वांत मोठी चूक स्लाइड बनण्याआधीच होते. एका मुलीची ट्युनेलची (मरणाऱ्या पेशी तपकिरी दाखवणाऱ्या चाचणीची) स्लाइड जवळजवळ सगळी तपकिरी आली. गाठ मरतेय, म्हणजे रेडिएशन लागू पडणार, असं तिने लिहूनही टाकलं होतं. मी म्हटलं, गाठ राहू दे, कडेचा स्नायू बघ. तोही तपकिरी, लाळग्रंथीही तपकिरी. त्यात तर कॅन्सर नव्हता! चौकशी केली. तालुक्याच्या गावी शनिवारी काढलेलं अख्खं स्वरयंत्र छोट्या बरणीत, जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये कोंबलं होतं आणि सोमवारी एसटीने आमच्याकडे आलं. फॉर्मॅलिन आत पोचेपर्यंत टिश्यू कुजला होता. ट्युनेल तुटलेल्या डीएनएची टोकं रंगवतं. ती अपॉप्टोसिसने (पेशीच्या नियोजित मृत्यूने) तुटली, नेक्रोसिसने (इजेने झालेल्या मृत्यूने) की कुजून, हे ते सांगत नाही. सगळे ब्लॉक बाद झाले. एका माणसाने आवाज गमावून दिलेला टिश्यू होता तो. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी स्वरयंत्र मागच्या बाजूने उभं उघडते, तासाभराच्या आत टिश्यूच्या किमान दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकते आणि वेळ चिठ्ठीवर लिहिते. कूर्चा कडक असेल तर गाठीचा तुकडा आधी वेगळा. मऊ करायला आम्लात घातलेल्या तुकड्यावर आयएचसी (अँटिबॉडीने प्रथिनं रंगवणं) करू नका. आणि एच अँड ई (नेहमीची गुलाबी-जांभळी स्लाइड) नीट पाहिल्याशिवाय या खास रंगांकडे वळायचंच नाही. हे मुलांना कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

कॅस्पेज-३ची अँटिबॉडी ‘क्लीव्ह्ड’च (तुटून सक्रिय झालेलं एन्झाइम ओळखणारी) मागवा, साधी अँटिबॉडी निष्क्रिय एन्झाइमही दाखवते. कंट्रोलला, म्हणजे रंग नीट लागला का ते ताडायला, टॉन्सिल हवाच.

दुसरी चूक ‘घशाचा कॅन्सर’ या एका शब्दाने होते. टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र एकाच तक्त्यात! टॉन्सिलच्या गाठी एचपीव्ही या विषाणूमुळेही होतात आणि त्या रुग्णांचं भवितव्य बरंच चांगलं असतं. स्वरयंत्राच्या बहुतेक गाठी विडी-तंबाखूच्या. एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीत पी१६ (एचपीव्हीची खूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह ऑरोफॅरिंक्सचं (टॉन्सिल, जिभेचं मूळ या भागाचं) स्टेजिंगच वेगळं आहे. सरमिसळ केलीत तर विषाणूचं श्रेय बीसीएल-२ला जातं.

जास्त पेशी मरताहेत म्हणजे रुग्णाचं चांगलं, हेही गृहीत धरू नका. भराभर वाढणाऱ्या गाठीत मरणाऱ्या पेशीही जास्त असतात. २०११मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की रेडिएशनने मरणाऱ्या पेशींतला कॅस्पेज-३ उरलेल्या पेशींना वाढायला चालना देतो. नातेवाइकांना एका टक्केवारीवरून धीर देऊ नका, घाबरवूही नका.

आणि कटऑफ, म्हणजे किती टक्के पेशी रंगल्या की ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं, ते आधी ठरवा. किती रुग्ण जगले ते बघून १० टक्क्यांचा १५ केलेल्या तक्त्यावर मी सही करत नाही.