कार्बन मोनॉक्साइडचे देशपातळीवरचे आकडे वाचताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या ईपीएकडे (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) देशभरात किती कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडला याचे 1970 पासूनचे आकडे आहेत आणि ते कुणालाही फुकट मिळतात, त्यामुळे प्रोजेक्टला बरेचजण तेच उचलतात आणि चुकाही त्याच त्याच करतात.

आधी युनिट बघा. 1970 चे साधारण 20 कोटी टन हे अमेरिकन शॉर्ट टन आहेत, एक टन म्हणजे 907 किलो, ते भारताच्या मेट्रिक टनाशेजारी तसेच ठेवले की तुलना तिथेच फसली. आणि टन म्हणजे धुराड्यातून, सायलेन्सरमधून किती गॅस बाहेर पडला ते, हवेत किती आहे ते पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात, दोन्ही एकाच ग्राफवर कोंबू नका.

सगळ्यात जास्त घोळ वणव्यांचा होतो. काही तक्त्यांत एकूण आकडा वणवे धरून असतो, काहींत वगळून, आणि लोक अर्धी वर्षं इकडून अर्धी तिकडून घेतात, मग ग्राफ मध्येच उडी मारतो आणि आपण कारण शोधत बसतो गाड्यांमध्ये! तसंच 2010 मध्ये ईपीएने गाड्यांच्या धुराचा हिशोब करायचं जुनं मॉडेल बदलून 'मूव्ह्ज' आणलं, म्हणून जुन्या रिपोर्टमधली वर्षं नव्या तक्त्याला जोडू नका, सगळी वर्षं एकाच ताज्या तक्त्यातून घ्या. वाढ-घट विचित्र दिसली तर आधी हेच दोन तपासा.

"गाड्या कमी चालल्या म्हणून प्रदूषण घटलं" हे तर लिहूच नका प्लीज. 1970 नंतर तिथलं गाड्यांचं एकूण अंतर जवळपास तिप्पट झालं. घट झाली ती 1975 च्या मॉडेलपासून आलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे (सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, धुरातले विषारी गॅस कमी करणारा भाग), आणि शिशामुळे तो खराब होतो म्हणून अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं, पेट्रोल आणावं लागलं. पण जुन्या गाड्या लगेच भंगारात जात नाहीत, त्यामुळे 1980 लाही आकडा 18 कोटींच्या वरच होता, कायदा झाला की दुसऱ्या वर्षी ग्राफ खाली आलाच पाहिजे असं समजू नका.

आणि अमेरिकेचा पाय चार्ट भारताला चिकटवू नका. तिकडे गाड्या मुख्य, आपल्याकडे चुलीतलं लाकूड, गोवऱ्या, काड्या हा फार मोठा सोर्स आहे, त्यामुळे 2020 च्या बीएस-6 बद्दल (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) लिहिताना 2016 च्या उज्ज्वला गॅस योजनेचा आणि सिलिंडर घरी येऊनही चालू राहिलेल्या चुलीचा विचार केलाच पाहिजे.