कमळाच्या टबातल्या गोगलगायी कशा आटोक्यात आणल्या

नर्सरीतल्या रोपाबरोबर गच्चीवरच्या टबात फायसा नावाच्या छोट्या पाणगोगलगायी आल्या आणि बघता बघता काठ भरले. ओळख सोपी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड डाव्या बाजूला दिसतं. ही मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जगभर पसरलेली. उभयलिंगी असल्याने एकटी उरली तरी अंडी घालते, त्यामुळे शेवटची गोगलगाय शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिचा मुख्य खुराक शेवाळ आणि कुजकी पानं. म्हणून मी आधी तोच तोडला. पिवळी पानं लगेच काढली, गप्पी माशांना चिमूटभरच खाणं. रात्री काकडीची चकती सोडायची, सकाळी चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलायची. पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक, बुळबुळीत अंड्यांचे पुंजके असतात, ते नखाने खरवडले. काम कंटाळवाणं, पण खरा फरक त्यानेच पडला.

गोगलगायी मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू नका, मासे मरतील. काढलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकल्या. गटारात, नाल्यात अजिबात नाही. नवीन रोप आता आधी वेगळ्या बादलीत राहतं.