अणुऊर्जा आणि अक्षय ऊर्जा यांच्या शाश्वततेची तुलना कशी करावी

प्रथम दोन्ही बाजूंना एकच माप लावावे. ते प्रकल्पाच्या क्षमतेचे नसावे, तर त्याच्याकडून प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेचे असावे. १००० मेगावॅटची अणुभट्टी ९० टक्के क्षमता-वापराने (म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळाली असती त्याच्या ९० टक्के वीज देत) चालली, तर वर्षाला सुमारे ७८८ कोटी युनिट वीज देते; तेवढ्याच क्षमतेच्या सौर प्रकल्पाचा क्षमता-वापर २० टक्के धरला, तर हाच आकडा १७५ कोटींवर थांबतो. म्हणून बरोबरी साधायची, तर साडेचार हजार मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची जमीन, काच, पोलाद आणि ॲल्युमिनियम हिशेबात घ्यावे लागते. बहुतेक वाद या पहिल्याच पायरीवर घसरतात.

त्यानंतर खाणीपासून प्रकल्प मोडीत काढण्यापर्यंतचे कार्बन उत्सर्जन पाहावे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालातील मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारे) आकडे प्रतियुनिट असे आहेत: जमिनीवरील पवनऊर्जा ११ ग्रॅम, अणुऊर्जा १२, जलविद्युत २४, मोठे सौर प्रकल्प ४८ आणि कोळसा ८२०. सौर पॅनेलचे उत्पादन पुढे सुधारत गेल्याने त्यांचा आकडा आता जुना झाला आहे. तरीही कोळशाशेजारी ठेवल्यावर हे सगळे फरक किरकोळ ठरतात, आणि केवळ कार्बनवर निकाल देता येत नाही.

खरी कसोटी कचऱ्याची आहे. हजार मेगावॅटच्या भट्टीतून वर्षाला साधारण २५ ते ३० टन वापरलेले इंधन निघते. वजनाने ते थोडे असले, तरी त्यातील किरणोत्सारी प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे २४ हजार वर्षे असतो. म्हणूनच फिनलंडने ओंकालो येथे चारशे मीटरहून अधिक खोल खडकात त्यासाठी बोगदे खोदले आहेत. उलट पंचवीस-तीस वर्षांनी निकामी होणारी सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांची पुनर्वापरास अवघड पाती जागा पुष्कळ अडवतात, पण त्यांची राखण हजारो वर्षे करावी लागत नाही. हे दोन बोजे एका बेरजेत कोंबू नयेत, वेगळेच लिहावेत.

चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) येथील अणुभट्ट्यांच्या अपघातांची नोंद अर्थातच घ्यावी. मात्र तिच्या धाकाने बाकीचे रकाने कोरे सोडू नयेत.

रात्रीच्या विजेसाठी लागणाऱ्या बॅटऱ्या किंवा उदंचन जलविद्युत प्रकल्प (जादा विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी ते सोडून वीज बनवणारे) अक्षय ऊर्जेच्या खात्यात टाकावेत, आणि बांधकामाचा विलंब अणुऊर्जेच्या. फिनलंडमधीलच ओल्किलुओतो-३ या भट्टीचे काम २००५ मध्ये सुरू झाले आणि नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये. अशा प्रतीक्षेत दुसरीकडे जळत राहिलेल्या कोळशाचा धूरही त्याच खात्यात मोजावा.