संस्थेची कागदपत्रं मुक्त फॉरमॅटमध्ये नेताना

सॉफ्टवेअरच्या आधी फाइलींकडे बघा. पत्रं, ठराव, हिशेब एकाच कंपनीच्या फॉरमॅटमध्ये अडकले, की आपलेच कागद वाचायला त्या कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहावं लागतं. ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) हा मुक्त फॉरमॅट २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक आहे (क्रमांक २६३००). त्याचा तपशील खुला आहे, त्यामुळे या फाइली वाचणारा प्रोग्रॅम कुणीही लिहू शकतो.

लिब्रेऑफिस हा ओडीएफ वापरणारा मोफत ऑफिस प्रोग्रॅम जुन्या प्रोग्रॅमच्या शेजारीच बसवा, जुना लगेच काढू नका. मूळ फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग लिब्रेऑफिसच्या ‘फाइल’ मेनूत ‘विझार्ड्स’खाली असलेला डॉक्युमेंट कन्व्हर्टर आधी वीसेक फाइलींवर चालवा. अख्खं फोल्डर नंतर.

पहिली तक्रार येते ती मांडणीची. मायक्रोसॉफ्टचा कॅलिब्री फाँट मशीनवर नसला, की दुसरा रुंद फाँट येतो, ओळी तुटतात आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते. दोष प्रोग्रॅमला मिळतो! कार्लिटो हा फाँट बसवा, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे. कॅम्ब्रियाला पर्याय कॅलाडिया. लिनक्सवर ही पॅकेजं कधीकधी वेगळी टाकावी लागतात.

खरी डोकेदुखी मॅक्रोंची, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या, कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. व्हीबीए या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या भाषेतले साधे मॅक्रो बरेचदा चालतात, फॉर्म किंवा बाहेरच्या डेटाबेसला जोडलेले अडतात. अशा शीट्स बाजूला काढून नव्याने लिहा. ठिगळं लावण्यात जास्त वेळ जातो.

शेवटी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘लोड/सेव्ह’मध्ये कायमचा फॉरमॅट ओडीएफ ठेवा. बाहेर पाठवायला पीडीएफ, आणि ‘हायब्रिड पीडीएफ’वर टिक केली तर संपादन करता येणारी मूळ फाइलही त्याच्या पोटात जाते.