पट्टेदार रेडचं पार्टिशन टेबल उडालं तर

पट्टेदार रेडमध्ये (रेड ०) माहितीचे तुकडे, म्हणजे चंक, दोन डिस्कवर आळीपाळीने लिहिले जातात आणि दोन्ही मिळून एकच डिस्क, म्हणजे अ‍ॅरे, दिसते. पार्टिशन टेबल ही तिच्यावरच्या विभागांची नोंद. ती उडाली की विंडोज 'डिस्क इनिशियलाइझ करू का' विचारेल. 'नाही' म्हणा. सीएचकेडीएसके (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) तर मुळीच चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ते उरलंसुरलंही पुसू शकतं.

दोन्ही डिस्कवर क्रमांक लिहा, नंतर सुट्या करून सॅटाने जोडा. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने प्रत्येकीची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, मॅप फाइलसह (कुठला भाग वाचला गेला याची नोंद). २ टीबीच्या दोन डिस्कना ४ टीबीहून जास्त मोकळी जागा लागते. पावसाळ्यात यूपीएस हवाच.

यापुढे फक्त इमेजवर काम, तेही लोसेटअपने (losetup, इमेज डिस्कसारखी जोडणारी लिनक्सची आज्ञा) रीड-ओन्ली लावून.

आता खरी मेख: डिस्कचा क्रम आणि चंकचा आकार. हेक्स एडिटरमध्ये सुरुवातीचा सेक्टर बघा. ५१०व्या बाइटपासून ५५ एए दिसलं तर ती बहुधा पहिली डिस्क. पण टेबलच पुसलं असेल तर ही खूण नसते. पार्टिशन सहसा १ एमबीपासून सुरू होतं. दोन डिस्क आणि ६४ केबी चंक असेल, तर बूट सेक्टर (पार्टिशनचा पहिला सेक्टर) पहिल्या डिस्कवर ५१२ केबीवर सापडायला हवा. मात्र कंट्रोलरने सुरुवातीला स्वतःची माहिती ठेवली असेल, तर हे सगळं तेवढंच पुढे सरकतं.

दोन्ही इमेज जोडायला एमडीएडीएमला (लिनक्सचं रेड जुळवणारं साधन) 'बिल्ड' सांगा, 'क्रिएट' नको. क्रिएट नवा सुपरब्लॉक (अ‍ॅरेच्या माहितीची नोंद) लिहितं. मग हरवलेली पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क. जीपीटीची (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) दुसरी प्रत अ‍ॅरेच्या शेवटी असते, ती बहुतेकदा शाबूत सापडते.

क्रम आणि चंक बरोबर जुळले का हे तपासायला मोठा फोटो उघडा. चंकपेक्षा लहान फाइल चुकीच्या क्रमातही कधीकधी नीट उघडते आणि फसवते.