हरकतीची पोच घेतली का?

पर्यावरण कायद्यात काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी सांगते: आधी एका जनसुनावणीला, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या सरकारी सभेला, जाऊन या. बोलू नका, फक्त शेवटपर्यंत बसा.

माझी पहिली सुनावणी कोकणात, एका खाणीची. एक आजी उभ्या राहिल्या. डोंगर फोडला तर खालचा झरा आटेल, वाडीला दुसरं पाणी नाही, मे महिन्यात तिथे घागर भरायला किती वेळ लागतो, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटची एसटी गाठायला आम्ही लवकर निघालो. पुढे इतिवृत्त हाती आलं, त्यात आजींचं सगळं बोलणं एका ओळीत होतं: 'पाण्याबाबत शंका उपस्थित केली.' मला अजून ती ओळ टोचते.

२००६च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे कामकाजाचा सारांश शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून समजवावा लागतो आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. दुरुस्ती मागायची ती तेव्हाच. म्हणून परतीची सोय आधी बघा. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. तेवढ्यात प्रकल्पाचा ईआयए अहवाल वाचून प्रत्येक हरकत लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या.

लोकांना वाटतं, हे कागद रंगवून काय होणार? गोव्यातल्या खाणीच्या 'उत्कर्ष मंडळ' प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये स्पष्ट केलं, की मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने हरकतींचा विचार केल्याचं तिच्या कारणांतून दिसायला हवं. पण जी हरकत नोंदलीच नाही, तिच्याबद्दल समितीला जाब कसा विचारणार? माहिती, सहभाग आणि दाद ही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतल्या १९९२च्या रिओ जाहीरनाम्यातल्या दहाव्या तत्त्वाची तीन अंगं. मला ती जगण्याच्या हक्कापासून वेगळी काढता येत नाहीत. झरा आटल्यावर भरपाई मागण्यापेक्षा आधी ऐकून घेतलं जाणं आजींना हवं होतं.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली की दिवस मोजायला लागा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायपीठात) अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढचा उशीर न्यायाधिकरणाला माफ करता येत नाही. महाराष्ट्र-गोव्याची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात.

नंतरच्या एका सुनावणीत आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. सारांश वाचला जात असताना एका मच्छीमार ताईंनी हात वर केला, "माझं जाळ्याचं राहिलं." ते तिथेच लिहून घेतलं गेलं.